जड झालेले हात
(शास्त्रपाठ : निर्गम १७ : ८–१३)



अमालेकाशीं युद्ध चाललें असतां टेकडीवर मोशेचे हात जड झाले, हें आपणांस ठाऊक आहे. त्या प्रसंगीं अहरोन व हूर यांनीं काय केलें? त्याला बसावयास धोंडा दिला, आणि दोन्ही बाजूंनीं त्याचे हात सूर्यास्तापर्यंत सांवरून धरिले. हातांचा जडपणा नाहींसा झाला असें शास्त्र सांगत नाहीं. ते सांवरलेले राहिले, एवढेंच सांगतें.

ज्या घरीं कोणास कंपवात जडला आहे तेथें हा पाठ वाचावा. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्यांचें नांव त्यास पडलें. मेंदूंतील कांहीं पेशी हळूहळू नाश पावतात व डोपामिन नांवाचें द्रव्य कमी पडतें. त्यामुळें हात कांपतो, अंग ताठरतें, चाल मंदावते. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, व ती कोणाच्या पापाची शिक्षाही नव्हे. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तसाच प्रश्न केला, तेव्हां प्रभूनें तो विचार साफ नाकारिला.

या रोगांत मुखाचे स्नायूही ताठरतात. पत्नी प्रेमानें भाकरी कुसकरून भरविते, आणि पतीच्या मुखावर हसूं उमटत नाहीं. मग तिला वाटतें, यांची माया आटली. भगिनी, तसें समजूं नको. माया आंत आहे. मुखापर्यंत यावयास तिला वाट मिळत नाहीं.

तर मग आशा कशाची धरावी? रोग समूळ घालविणारें औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं. परंतु लेव्होडोपासारख्या औषधानें पुष्कळांची हालचाल सुलभ होते. तें डॉक्टरांनीं ठरविलेल्या वेळींच द्यावें, आपल्या मनानें बंद करूं नये. पाय जमिनीस खिळले तर ओढूं नये. थांबून 'एक, दोन' असा ताल धरावा, म्हणजे पुष्कळदां पाऊल उचलतें. जेवतांना ताठ बसवावें, घाई करूं नये. आज चार पावलें पडलीं, घास सुखानें उतरला, याबद्दल आजच उपकार मानावे. इस्राएल लोकांसही मान्ना रोजचा रोज वेंचावा लागे.

शुश्रूषा करणाराही मनुष्यच आहे. रात्रीं वारंवार उठून त्याला राग येतो, आणि मागून त्या रागाची लाज वाटते. अशानें देव त्याला टाकीत नाहीं. मोशेचे हात एकट्या अहरोनानें धरिले नव्हते, हूरही होता. म्हणून मंडळीस विनंती कीं, समाचारास जाऊन केवळ उपदेश करून परतूं नका. आठवड्यांतून एक दुपार आजाऱ्यापाशीं बसा, म्हणजे घरच्या माउलीस झोंप घेतां येईल. आणि माउलीनेंही मदत मागण्यास लाजूं नये.

सूर्यास्त केव्हां होईल हें आपल्या हातीं नाहीं. तोंवर शेजारीं उभें राहणें आपल्या हातीं आहे, आणि तेथें प्रभूही आपल्याबरोबर उभा आहे. हीच आपली आशा. आमेन.