बोनस की उचल?

अंबत्तूरच्या आमच्या घरी सध्या भाची मुक्कामाला आहे. मूळची अंबाजोगाईची; बी.एस्सी. नर्सिंग झालेली, दोन वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली. तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. चेन्नईतलं एक रुग्णालय रुजू होताच एक लाखाचा जॉइनिंग बोनस देतंय. पुण्यातलं बोनस देत नाही, पण पगार महिना पाच हजारांनी जास्त. "मावशी, तू भाषांतरं करतेस ना? हे कलम नीट सांग," म्हणून तिने चेन्नईचं पत्र पुढे केलं. कलम एवढंच होतं: २४ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास बोनसची पूर्ण रक्कम परत करावी लागेल.

मी 'बोनस'पाशीच अडले. बोनस म्हणजे केलेल्या कामावर मिळणारी जादा रक्कम, दिवाळीला मिळते ती. ही तर कामाआधी मिळणार, आणि निघालं की अंगावर येणार. अशा रकमेला मराठीत शब्द आहे: उचल. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम बीडमधल्या जोडप्यांना देतो ती. ती कामातून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गमावणं, हे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचं एक लक्षण मानलं आहे.

"म्हणजे मी कोयत्यावर चाललेय का?" भाची चिडली. तिचं चुकलं नव्हतं. तिच्याकडे पदवी आहे, नोंदणी आहे, ती राजीनामा देऊ शकते. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ही तिच्या बाजूने थोडं उभं आहे: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत न्यायालय वाजवी भरपाईच देतं. ऊसतोड जोडप्याला हे दार कोण दाखवतो?

शिवाय आगाऊ पैसे मीही घेते. प्रकाशक अनुवादाआधी काही रक्कम देतो, आणि मला बांधल्यासारखं वाटत नाही. कारण त्याने पुस्तक विकत घेतलेलं असतं, माझी दोन वर्षं नव्हे. मग दोष आगाऊ रकमेत नाही. ती कशासाठी दिली, कामासाठी की थांबण्यासाठी, हा प्रश्न आहे. नर्सच्या बाबतीत तो अधिक टोचतो. एकीवर झेपणार नाहीत इतके रुग्ण टाकले, तर 'असं काम मी करणार नाही' म्हणण्यामागचं तिचं बळ म्हणजे सोडून जाता येणं. ते गहाण पडलं, तर नुकसान तिच्या एकटीचं होत नाही. खाटेवरच्या माणसाचंही होतं.

मी हिशेब मांडला: पाच हजार गुणिले २४, म्हणजे १,२०,००० रुपये. पुणं सरस. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकलेत. बँक बाबांना रोज फोन करते. दोन वर्षांनी सरस ठरणारे पैसे आज कुठून आणू?"

तत्त्व मला परवडत होतं, कारण कर्ज माझं नव्हतं. मी पैसे उसने देऊ केले. "तीही उचलच की," ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी तिने रुग्णालयाला दोनच गोष्टी लिहून विचारल्या. दर महिन्याच्या नोकरीमागे परतफेडीचा चोविसावा हिस्सा कमी कराल का? आणि गेल्या वर्षी या विभागातून किती नर्स सोडून गेल्या? उत्तराची वाट पाहतोय. दुसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं, तर एक लाख कशाची किंमत आहे, ते मी तिला भाषांतर न करताही सांगू शकेन. निर्णय मात्र तिचाच.