कोयनेची भेग कोणत्या प्रमाणाने कळते?

संगणकीय यांत्रिकी शिकवणाऱ्यांना बढतीच्या मुलाखतीत शोधनिबंध किती, कुठल्या नियतकालिकांत, हाताखाली किती जणांची पीएचडी झाली, हे सगळं विचारतात. तुम्ही जे काढता त्याला ज्ञान म्हणायचं का, हे मात्र कुणी विचारत नाही. मला ते विचारलं वाईच्या मामांनी. न्यायशास्त्र, म्हणजे ज्ञानाची प्रमाणं तपासणारं दर्शन, शिकलेले; स्वभावाने खवचट. प्रबंधातली रंगीत चित्रं उलटत म्हणाले, “अगं, हे तू पाहिलंस, अनुमान केलंस, की कुणी सांगितलं म्हणून मानलंस?”

प्रबंध कोयना धरणावर होता. काँक्रीट कसं तडकतं याचं नवं गणित मांडणारे जगभरातले लोक ते कोयनेवर लावून बघतात. अबॅकस सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही हे धरण आहे. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा हादऱ्याची नोंद धरणातल्याच यंत्रावर झाली आणि भेगाही डोळ्यांना दिसल्या. कारण आणि कार्य दोन्ही हाती, असं भाग्य आमच्या धंद्यात क्वचित. 103 मीटर उंच धरणाचा मागचा उतार सुमारे 66 मीटरवर एकदम बदलतो. भेगा त्या मानेपाशी पडल्या. जुन्या रिवाजाने भूकंपाचं आडवं बल वजनाच्या पाच टक्के धरलेलं. त्या हिशेबाने तिथे ताण यायलाच नको होता. प्रत्यक्षात जमिनीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याजवळ गेलं. 1973 साली बर्कलीच्या अनिल चोप्रांनी सहकाऱ्यासह हादऱ्याची खरी नोंद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा मानेपाशी काँक्रीटला न पेलणारा ताण निघाला.

माझ्याही गणितात भेग तिथेच निघाली. गाईड खूश, परीक्षक खूश. मामा नाही. “धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला लाकूड ओलं लागतं. गणित बरोबर असेल तर भेग तिथे पडेल, कबूल. भेग तिथे पडली म्हणून गणित बरोबर, हे कशावरून?”

ओलं लाकूड आमच्याकडे ढीगभर असतं. काँक्रीटची ताण सोसायची ताकद किती धरली, डॅम्पिंग किती, म्हणजे कंपनं किती लवकर विरतात, पायाचा खडक ताठ मानला की लवचिक. हे आकडे जरा इकडेतिकडे केले की निरनिराळी गणितं तीच भेग काढून दाखवतात. तडकायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब ठेवला नाही, तर मेश, म्हणजे गणितासाठी धरणाचे पाडलेले तुकडे, बारीक करत जावा तसं उत्तरही सरकत जातं. यात मला कमीपणा वाटत नाही. अनुमान आहे तेवढं म्हणून सांभाळलं की झालं.

मुलं मात्र त्याला थेट शब्दप्रमाण, म्हणजे कुणी सांगितलं म्हणून मानायची गोष्ट, करून टाकतात. स्क्रीनवर लाल दिसलं म्हणजे तिथे फुटणार! नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण व्हायला सांगणारा आप्त लागतो, वस्तू आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. संगणक खोटं बोलत नाही, पण काँक्रीटशी त्याची ओळखही नाही. 23 ऑगस्ट 1991ला नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळ स्लाइपनर-ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना बुडाला. त्याच्या संगणकावरच्या गणितात भिंतींच्या सांध्यापाशी मेश ओबडधोबड होता आणि कातर-ताण 47 टक्के कमी निघालेला. माणसं वाचली. कागदावरच्या साध्या हिशेबानेही ती उणीव दिसली असती.

कोयनेचा पडताळा आता पुन्हा घेताही येणार नाही. भूकंपानंतर उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू दिले; आम्ही रोज तडकवतो ते 1967चं धरण आता तसं उरलेलं नाही.

म्हणून व्हायव्हात मी चित्रं मिटवायला लावते आणि विचारते, भेग कुठे निघाली असती तर तू तुझं गणित टाकून दिलं असतंस? बहुतेक जण बंद लॅपटॉपकडे बघतात. यंदा एकीने “फक्त टाचेपाशी, म्हणजे पाण्याकडच्या पायथ्याशी, निघाली असती तर” म्हणून सुरुवात केली, आणि पायाच्या खडकाचा आकडा तिने कुठून उचलला यावर आमचं भांडण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं.