नशीब आणि घड्याळ

माझे बाबा धामणगावच्या एका जिनात कापूस पाहायचे. बंडी आवारात आली की ते कापसात कोपरापर्यंत हात घालत, कारण चांगला माल वर असतो आणि खरा माल तळाशी. तळातून मूठभर कापूस काढायचा, दाबून ओलावा बघायचा, कवडी किती, पत्ती किती ते पाहायचं, मग सरकी सोडवून रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढायचा. धागा किती लांब आहे ते त्यांना पट्टीशिवाय कळे. मिनिटभराचं काम, पण त्या मिनिटात एका घराचं वर्ष ठरायचं. शेतकरी टोपी हातात घेऊन समोर उभा असे आणि बाबांच्या बोटांकडे पाहत असे. रात्री जेवताना बाबा कधी कधी आईला म्हणत, "भाव कापसाले देल्ला वं, मानसाले नाई." ते हे आईला सांगत नव्हते, स्वतःला बजावत होते, हे मला फार उशिरा कळलं.

मी पोरं पाहिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि उभी नोकरी कॉलेजच्या मैदानावर काढली. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. त्याच मातीत आम्ही सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही शिकलो. वऱ्हाडात बेसबॉल कुठला, असं बाहेरचे विचारतात. खेळ बाहेरून आला हे खरं, पण हात आमच्याकडे आधीपासूनच होते. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवणाऱ्या पोराचा खांदा कुठल्याही व्यायामशाळेत घडत नाही. एखाद्या खेड्यातल्या पोराने मैदानाच्या टोकावरून चेंडू सरळ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये टाकला की मी विचारायचो, "घरी ज्वारी आहे का रे?" बहुतेक वेळा असायची. पुढे शेतात सोयाबीन आलं, ज्वारी हटली, गोफणी आढ्याला टांगल्या गेल्या आणि तसे खांदे मिळणं कमी झालं.

आंतरमहाविद्यालयीन सामने झाले की विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होई आणि मी निवड समितीवर असे. सोळा नावं निघत. ज्याचं नाव आलं तो 'कलर होल्डर'. पुढे नोकरीच्या अर्जात त्याची एक ओळ जास्त भरे. शेतकऱ्याच्या घरात त्या एका ओळीची किंमत काय असते, हे इथे वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

अमेरिकेत हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. 1965 पासून तिथे बेसबॉलचा ड्राफ्ट होतो. तीस संघ पाळीपाळीने नवख्या खेळाडूंची नावं पुकारतात. आता वीस फेऱ्या होतात, सहाशेवर नावं निघतात. कॉलेजातला खेळाडू तिसरं वर्ष झाल्यावर किंवा एकवीस वर्षांचा झाल्यावर त्यात येतो. त्याआधी संघांचे पारखी गावोगाव हिंडतात, जाळीमागे बसतात, हातात वेग मोजायची रडार गन आणि स्टॉपवॉच. फटका, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण या पाच गोष्टींना 20 ते 80 मध्ये गुण द्यायचे, 50 म्हणजे साधारण. ही पद्धत मी वाचली तेव्हा मला बाबांची बोटं आठवली. आम्हीही आमच्यापुरता तक्ता केला, पाच रकाने आखले. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात.

अशाच एका चाचणीला वर्धा नदीच्या काठच्या खेड्यातलं एक पोरगं होतं. पंचवीसेक वर्षं झाली. चाचणी अमरावतीला होती. पोरं धामणगावहून सकाळच्या पॅसेंजरने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे ऑटोने आली. त्याने फेकलेले पाच चेंडू मला आजही दिसतात. फेकीत मी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. मग साठ यार्डांची धाव झाली. पहिल्या वेळी तो हळू धावला, दुसऱ्या वेळी आणखी हळू. घड्याळात आलं ते मी रकान्यात लिहिलं. बेरीज झाली आणि तो सतरावा आला.

यादी फलकावर लागल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, मायं काय कमी पडलं?"

मी म्हणालो, "नशीब असते बापू. पुढच्या वर्षी पाहू."

तो शेवटच्या वर्षाला होता. त्याला पुढचं वर्ष नव्हतं आणि ते मला माहीत होतं. तो थोडा वेळ माझ्या गळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नशीब मायं असंन सर, पण घड्याळ तं तुमचं होतं."

आवाजात राग नव्हता. एखाद्याने हिशेबातली चूक दाखवावी तसं तो बोलला आणि गेला. परतीच्या गाडीत त्याच्या गावच्या दुसऱ्या पोराने सांगितलं की शेतात रातची लाइन होती. बाराला मोटर चालू झाली, पहाटेपर्यंत त्याने हरभऱ्याला ओलित केलं, आणि चिखलाचे पाय धुऊन थेट स्टेशन गाठलं. पोटात काही नव्हतं. म्हणजे मी त्याचे पाय मोजलेच नव्हते. मी एक जागलेली रात्र मोजली होती आणि ती त्याच्या नावावर लिहिली होती.

त्या दिवसापासून मी 'नशीब' या शब्दाला घाबरतो. आपल्याकडे जो मागे राहिला त्याच्या हातावर दोन गोष्टी ठेवायची रीत आहे. एक, तुझं प्रारब्ध. दुसरी, गीतेतला उपदेश, की कर्म कर, फळावर हक्क सांगू नको. दोन्हींत सत्य असेल, त्यावर वाद घालण्याइतका माझा अभ्यास नाही. पण एक गोष्ट मी अनुभवाने ठामपणे सांगतो. फळाची आशा सोड हे आपण फक्त फळ न मिळालेल्याला सांगतो. फळ वाटायला जो बसलाय त्याला कोणी काही सांगत नाही. त्याच्या हातून घाई झाली, त्याने पुरतं पाहिलं नाही, की ती चूक उचलून समोरच्याच्या मागल्या जन्मात टाकायची सोय कर्मसिद्धान्ताने करून दिलीय असं आपण धरून चालतो. हा त्या सिद्धान्ताचा अर्थ नाही. कर्म ज्याचं त्याच्याकडे राहतं, हाच तर त्याचा गाभा आहे. मग माझ्या घड्याळाचं कर्म त्या पोराच्या खात्यात कसं जाईल?

कठोपनिषदाची गोष्ट आपण नचिकेताची म्हणून ऐकतो. मला ती आता यमाची वाटते. पोरगा यमाच्या दारात आला तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री पोरगा उपाशी बसला. यम परतला आणि त्याने पहिली गोष्ट काय केली? त्याने त्या पोराला नमस्कार केला आणि तीन रात्रींबद्दल तीन वर दिले. परीक्षा नंतर घेतली. हत्ती, घोडे, सोनं, लांब आयुष्य असं सगळं समोर मांडून त्याने नचिकेताला पारखलं, आणि चांगलं कठोरपणे पारखलं. पण आधी उपाशी ठेवल्याचं देणं फेडलं. साक्षात मृत्यूने. आणि मी त्या पोराला "जेवला का रे?" एवढंही विचारलं नव्हतं.

त्याच उपनिषदात पुढे यम सांगतो की आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, पुष्कळ ऐकूनही नाही. निवड होते त्यालाच तो मिळतो. पण ही निवड करतं कोण, इथे मोठे आचार्यही एका मताचे नाहीत. शंकराचार्य म्हणतात, साधक आत्म्याला निवडतो, आणि ज्या ओढीने तो निवडतो त्या ओढीनेच तो त्याला मिळतो. रामानुजाचार्य म्हणतात, निवडणारा तो परमात्मा आहे, आणि जो त्याला अतिशय प्रिय आहे त्याला तो निवडतो. मी दोन्ही मतं वर्षानुवर्षं मनात घोळवली आहेत. शेवटी मला दिसलं ते एवढं, की दोघांच्याही मते तिथे तक्ता नाही. दोघांनीही जागा मोजलेल्या नाहीत. सोळा झाले, आता दार बंद, असं ना शंकराचार्यांच्या वाटेवर आहे ना रामानुजांच्या. माणसाच्या निवडीत आणि त्या निवडीत हा फरक मुळातला आहे. आपली निवड जागा कमी म्हणून करावी लागते. तिला पात्रतेचा निवाडा समजणं हे पाप आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो.

या दोन निवडींतला फरक पाहायला आम्हाला लांब जायला नको. वर्धेच्या काठावरच कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. दर वर्षी तिथून पालखी पंढरपूरला निघते. रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल निवडला होता. त्याच्या तक्त्यात शिशुपालाला सगळ्या रकान्यांत भरपूर गुण पडले असतील: राज्य, कुळ, सैन्य, मित्रराजे. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलंही नव्हतं, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून फक्त ऐकलं होतं. तरी निरोप धाडला. तिने जे केलं त्याला आपल्या भाषेत पारख म्हणत नाहीत, वरणं म्हणतात. एक बोटांनी होते, दुसरं अख्ख्या माणसाने. पोरगं पहाटे पाचला कोणी न सांगता मैदानावर येतं तेव्हा त्याने खेळाला वरलेलं असतं, आणि शंकराचार्यांची वाट धरली तर खेळ त्याला मिळालेलाच असतो. आम्ही समितीवाले फक्त बसमध्ये कोण बसणार ते ठरवत होतो.

इथे कोणीतरी मला हमखास अमेरिकेच्या अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण देतं. 1999 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी 401 नावं पुकारली गेली, आणि त्याने पुढे 703 होमरन मारले. माइक पियाझा 1988 मध्ये 62 व्या फेरीत, 1390 वा. तोही 2016 मध्ये तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. क्रिकेटमध्ये आमच्या अमरावतीच्या जितेश शर्माचंच घ्या. 2016 च्या आयपीएल लिलावात मुंबईने त्याला 10 लाखांना घेतलं आणि एकही सामना खेळवला नाही. 2022 मध्ये पंजाबकडे 20 लाखांना गेला. 2025 च्या हंगामासाठी बंगळुरूने 11 कोटी मोजले, आणि त्याच वर्षी तो विजेत्या संघात होता. हात तेच, अमरावतीचेच. मला या पोरांचा मनापासून अभिमान आहे. पण ही उदाहरणं मला अपुरी वाटतात, आणि थोडी धोक्याचीही. त्यांतून असं वाटतं की मागे राहिलेला माणूस पुढे मोठा झाला तरच त्याच्यावर अन्याय झाला होता. जो मोठा झालाच नाही त्याचं काय? 2008 मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकणारी पोरं शोधायची स्पर्धा झाली. हजारोंतून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू निघाले, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं. दोघांपैकी कोणीही तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेपर्यंत पोचला नाही. निवडलेल्यांचं हे, तर त्या हजारोंचं कोण विचारतं?

कापूस वेचणाऱ्या बाया मला यात जास्त शहाण्या वाटतात. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीत त्या पऱ्हाटीवरची फुटलेली बोंडं तेवढी घेतात. न फुटलेल्या बोंडाला कोणी वाईट म्हणत नाही, हातही लावत नाही, त्याला ऊन खाऊ देतात. काही बोंडं शेवटपर्यंत फुटत नाहीत. तीही झाडाचीच असतात.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्या पोराच्या गावी गेलो. आता त्याचे कानशिलाजवळचे केस पांढरे झालेत. शेती करतो. संध्याकाळी गावातल्या पोरांना शाळेमागच्या पडीत जागेवर चेंडू फेकायला शिकवतो, कोणी नेमलेलं नाही. मी त्याला सांगितलं की ते नशीब नव्हतं, माझी चूक होती. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि पुढचं वर्ष नाही हे माहीत असून खोटं बोललो.

"मले मालूम होतं सर," तो म्हणाला. "बसा, च्या घ्या."

तुमच्यापैकी कोणी शाळेच्या, तालुक्याच्या, विद्यापीठाच्या निवड समितीवर बसत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे. घड्याळ लावण्याआधी प्रत्येक पोराला विचारा, रात्री झोपला होता का, सकाळी काय खाल्लं. आणि यादी फलकावर लावण्याआधी ज्यांची नावं तिच्यात नाहीत त्यांना आत बोलवा, खुर्ची द्या, आणि तुम्ही काय मोजलं, काय मोजलं नाही, ते तुमच्या तोंडाने सांगा. नशिबाचं नाव घेऊ नका.