म्यूलर नावाची माणसे

आडनाव हा माणसाच्या स्वरूपाचा अंश असतो, की दुसऱ्यांनी त्याच्यावर लावलेली खूण? या प्रश्नाला जर्मनीतल्या म्यूलर या आडनावाइतका बोलका साक्षीदार क्वचितच मिळेल. तिथले ते सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, आणि म्यूलर म्हणजे चक्कीवर दळण दळून देणारा. मध्ययुगात बहुसंख्य माणसे शेतावर राबत होती. मग शेतकरी या अर्थाचे बाऊअर हे आडनाव म्यूलरच्या कितीतरी मागे का? कारण जिथे सगळेच नांगर धरतात तिथे ‘शेतकरी’ म्हणून हाक मारली तर ओ कोण देणार? चक्कीवाला मात्र गावात बहुधा एकच, आणि त्याच्यावाचून कोणाचे चालत नसे. अनेक ठिकाणी जमीनदाराच्या चक्कीवरच दळण नेण्याची सक्ती होती. दळणावळीपोटी तो दळणातलाच वाटा काढून घेई, त्यामुळे ‘हा मापात मारतो’ हा संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. काही कारागीर-संघ त्याच्या मुलांना हलके समजून दारात उभे करत नसत. १५४८ च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानाला या मुलांची बाजू घ्यावी लागली. असे नाव कोणी हौसेने घेतले असेल असे वाटत नाही. ते गावाने आपल्या सोयीसाठी दिले आणि धंदा सुटला तरी वंशजांना चिकटून राहिले. गावोगाव हे स्वतंत्रपणे घडले, म्हणून दोन म्यूलरांचे मूळपुरुष एकमेकांचे कोणी असतीलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, बाहेरून आलेले नावही पिढ्यान्‌पिढ्या वागवले की आतले होते. देसाऊचा कवी विल्हेल्म म्यूलर शिंप्याचा मुलगा; चक्कीवरच्या तरुण कामगाराच्या प्रेमाची त्याची काव्यमालिका शूबर्टने १८२३ मध्ये स्वरबद्ध केली. नावाने त्याला विषय सुचवला असेलही, पण त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या त्याच्या मुलाला तर हे आडनाव इतके सर्रास वाटले, की त्याने ‘मॅक्स’ हे आपले नाव त्यात मिसळून टाकले. म्हणजे वेगळेपण दाखवण्यासाठी जन्मलेले नाव तेच काम करीनासे झाले, तेव्हा त्याला जोड द्यावी लागली. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेन राजाला सांगतो की आपले नाव केवळ व्यवहारापुरते आहे, त्यामागे कोणी कायमचा पुरुष सापडत नाही. इतक्या टोकाला न जाताही त्याचा पहिला अर्धा मुद्दा मान्य करता येतो.

खरा आक्षेप वेगळाच आहे. नाव नुसती खूण असेल, तर विसाव्या शतकात त्या खुणेने माणसांवर एवढा घाला कसा घातला? ऑगस्ट १९३८ च्या नाझी हुकुमाने, ज्यांचे पहिले नाव सरकारी यादीतले ज्यू नाव नव्हते अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावायला भाग पाडले. पण मुळात ही जोड लागली का? कारण कित्येक ज्यूंची आडनावे शेजारच्या ख्रिस्ती माणसासारखीच होती. आडनावावरून वंश कळत असता तर हा हुकूम काढावाच लागला नसता. ज्यू कोण, हे १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आडनाव पाहून नव्हे, तर आजी-आजोबांचा धर्म पाहून ठरवले होते. त्यासाठी कारकून जुन्या धार्मिक नोंदवह्या चाळत बसले.