दधीची आधी ‘नाही’ म्हणाले होते
(भागवत, स्कंध 6, अध्याय 9 आणि 10)



‘अस्थी’ हा शब्द आपल्या घरात एरवी येतच नाही. येतो तो स्मशानातून, कलशात. त्यामुळे हाड म्हणजे काहीतरी कोरडं, मेलेलं, माणूस गेल्यावर उरणारं, असं डोक्यात पक्कं बसलंय. आजच्या अध्यायात तर एक ऋषी आपली हाडं जिवंतपणीच देऊन टाकतात.

कथा माहितीची आहे. वृत्रासुराने देवांची सगळी शस्त्रं गिळली. देव हरीकडे धावले. हरी म्हणाले, दधीचींकडे जाऊन त्यांचं शरीर मागा, त्यांच्या हाडांचं वज्र विश्वकर्मा घडवेल. आणि कारणही दिलं: विद्या, व्रत आणि तप यांनी ते शरीर कसदार झालंय. म्हणजे कुणाचीही हाडं चालणार नव्हती.

आता यात विज्ञान शोधत मी बसणार नाही, ते काम व्हॉट्सअॅपवाले करतातच. पण हाडाचा स्वभाव खरंच असा आहे. त्याच्यावर भार पडला की ते भरतं, भार काढला की शरीर तेच हाड पोखरायला लागतं. अंतराळात वजनच नसतं, तर तिथे खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने उतरते. आपली दहा तासांची खुर्ची म्हणजे अंतराळ नव्हे, पण दिशा तीच.

आणि हाडं फक्त आपल्याला उभं धरतात असं नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडं. कवटी मेंदू सांभाळते, बरगड्या हृदय आणि फुप्फुसं. आतली मज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी बनवते, तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा.

मला सगळ्यात भिडतं ते कॅल्शियमचं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात अगदी थोडं, पण तेवढं लागतंच. ते घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मग गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी निरोप धाडतात आणि हाड स्वतःला विरघळवून कॅल्शियम देतं. दुखत नाही, कळत नाही. बॅकएंडला चालू असतं सगळं. बाळाला पाजणारी आई त्या काही महिन्यांत आपल्या हाडांतलं तीन ते पाच टक्के देऊन बसते. पाजणं थांबलं की ते बहुतेक भरून येतं. पाळी गेल्यानंतरची झीज मात्र तशी आपोआप भरत नाही.

आता अध्यायाकडे परत या. देवांनी शरीर मागितलं तेव्हा दधीची काय म्हणाले? आपण सांगतो त्या गोष्टीत ते लगेच हसून ‘घ्या’ म्हणतात. भागवतात तसं नाही. ते आधी विचारतात, मरताना जीवाला किती यातना होतात हे तुम्हाला माहीत नाही का? जगू इच्छिणाऱ्याला देह प्रिय असतो. खुद्द विष्णूने मागितला तरी कोण देईल? तेव्हा देवांना कबूल करावं लागतं की मागणारा आपल्या गरजेत इतका बुडालेला असतो की देणाऱ्याचं दुःख त्याला दिसत नाही. दिसलं असतं तर त्याने मागितलंच नसतं. हे त्यांच्या तोंडून आल्यावर दधीची सांगतात, तुमच्याकडून धर्म ऐकायचा होता म्हणून बोललो. मग मन भगवंतात लावून देह सोडतात.

हे ‘नाही’ आपण कथेतून का गाळतो, याचा मला राग येतो. त्यागाची गोष्ट घेणाऱ्यांच्या सोयीने सांगितली जाते. गेल्या वर्षी माझी आई ओट्यापाशी घसरली आणि तेवढ्यात मनगट मोडलं. रिपोर्टवर ऑस्टिओपोरोसिस. भेटायला येणारा प्रत्येक जण तिने घरासाठी हाडं कशी झिजवली यावर भरभरून बोलत होता, आणि चहा तीच टाकत होती, डाव्या हाताने. चौथ्या-पाचव्या पाहुण्यांच्या वेळी बाबा काही न बोलता उठून ओट्यापाशी गेले. आता सकाळचा चहा त्यांच्याकडेच असतो. साखर जास्त पडते, पण आई पिते.

तेव्हा आजची सेवा. घरात पासष्टी ओलांडलेली आई, आजी, मावशी असेल तर हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांच्या ताटात नाचणी, तीळ, दूध-दही येतंय का बघा. संध्याकाळी त्यांच्यासोबत चालायला जा. नामस्मरण चालतानाही होतं. आणि तुम्ही लिफ्ट सोडा.

उद्या अकरावा अध्याय. ज्याच्यासाठी वज्र घडवलं तो वृत्रासुरच रणात उभा राहून भगवंताला काय मागतो, ते वाचू.

राम कृष्ण हरी.