‘तीच ही गाडी’: अवयव, नाव आणि सातत्य

जुनी वस्तू वापरात ठेवणाऱ्याला कधी ना कधी एक प्रश्न गाठतोच : झिजलेला एकेक भाग बदलत गेल्यावर जी उरते ती वस्तू पहिलीच म्हणायची की दुसरी? भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा विचार रथ, वस्त्र आणि दिव्याची ज्योत या दृष्टांतांच्या आधारे केला, ग्रीकांनी तो जहाजाच्या फळ्यांवरून केला, आणि विसाव्या शतकात तो मोटारगाडीवर येऊन ठेपला. दृष्टांत बदलले तरी प्रश्नाचे मर्म बदलले नाही, कारण वस्तूच्या निमित्ताने माणूस बहुतेक वेळा स्वतःबद्दलच विचारत असतो. शरीर पालटते, मते पालटतात, आठवणी गळतात, आणि तरीही ‘तोच मी’ असे म्हणण्याला आधार कोणता, ही विचारणा या चर्चेच्या मुळाशी असते. दर्शनग्रंथांत हा प्रश्न शब्दांच्या पातळीवर राहतो. इंग्लंडच्या एका टेकडीवर मात्र तो दरवर्षी पान्हा आणि तेलाचा डबा घेऊन सोडवला जातो, म्हणून त्या टेकडीकडे तत्त्वचिंतकाने पाहणे अनाठायी ठरू नये.

ही टेकडी ग्लॉस्टरशायर परगण्यात, चेल्टनहॅम गावाच्या उत्तरेस, प्रेस्कॉट येथे आहे. बुगाटी गाड्यांच्या मालकांच्या क्लबने ही जागा 1937 मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी तेथे ‘हिल क्लाइंब’ सुरू झाला. हिल क्लाइंब म्हणजे चढावाच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावरून एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची गाठ फक्त घड्याळाशी असते, अशी स्पर्धा. आरंभी 880 यार्डांचा असलेला हा मार्ग 1960 मध्ये वाढवून 1127 यार्डांचा, म्हणजे जेमतेम एक किलोमीटरचा, करण्यात आला. 1934 मध्ये स्थापन झालेला ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ उन्हाळ्यातील एका शनिवार-रविवारी येथे आपला मेळावा भरवतो. ‘व्हिंटेज’ हा शब्द आज कोणत्याही जुन्या वस्तूला सैलपणे लावला जात असला, तरी या क्लबात त्याचा अर्थ काटेकोर आहे : 1919 ते 1930 या काळात बनलेली ती व्हिंटेज, त्याआधीची ती एडवर्डियन, आणि 1930 नंतरच्या गाड्यांपैकी निवडक तेवढ्याच पंक्तीला घेतल्या जातात.

मेळाव्याच्या दिवशी गाड्या एका जुन्या फळबागेत, झाडांखाली, गवतावर उभ्या असतात. शर्यतीच्या इंजिनांत वापरले जाणारे जुन्या पद्धतीचे वंगण एरंडेलापासून बनते, त्यामुळे इंजिने तापू लागली की आजीच्या औषधाच्या बाटलीची आठवण व्हावी असा गोडसर, जड वास त्या बागेत पसरतो. एखाद्या फ्रेझर नॅशच्या पोटाखाली आडवे होऊन पाहिले तर नेहमीच्या गिअरबॉक्सच्या जागी प्रत्येक गतीसाठी एकेक स्वतंत्र साखळी दिसते. सायकलच्या साखळीसारखीच ती ताणते, झिजते आणि बदलावी लागते. त्या काळच्या बहुसंख्य गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, आणि ते लाकूड कुजले की सुतार नवे बसवतो. बॉनेट कातडी पट्ट्याने आवळलेले असते. तो पट्टा तर कितव्यांदा बदलला आहे याची कोणी नोंदही ठेवत नाही. असे असूनही मालक गाडीवर हात ठेवून ‘ही 1926 ची’ असे म्हणतो, ऐकणारे मान डोलावतात, आणि त्या विधानात कोणालाही खोटेपणा जाणवत नाही.

या विधानाची पहिली कसून तपासणी ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आढळते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा तो संवाद आहे. (तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला, त्यामुळे ही दोन्ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत.) ‘नागसेन’ या नावामागे कोणतीही नित्य व्यक्ती सापडत नाही, असे भिक्षू म्हणतो तेव्हा राजा ते मानत नाही, त्यावर नागसेन त्याला विचारतो की आपण पायी आलात की वाहनाने. रथाने आलो, असे राजा सांगताच नागसेन रथ सुटा करू लागतो : दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, सांगाडा, जू, लगाम, पराणी यांपैकी कोणते रथ आहे? प्रत्येक वेळी राजाला नकार द्यावा लागतो. हे सारे एकत्र म्हणजे रथ असेही त्याला म्हणता येत नाही आणि याहून वेगळे काही रथ आहे असेही म्हणता येत नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ ही केवळ संज्ञा चालते. या व्यवहारापुरत्या नामाला पालीत ‘पञ्ञत्ति’, म्हणजे प्रज्ञप्ती, असे म्हणतात.

प्रेस्कॉटच्या बागेत हा युक्तिवाद अर्धाच पुरतो. नागसेनाने एका क्षणी उभा असलेला रथ सुटा केला. येथे शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने सुटी झालेली आणि पुन्हा जुळलेली गाडी समोर आहे. शिवाय राजाला ज्याचा विचार करावा लागला नाही अशी एक अडचण येथे आहे : हुबेहूब प्रतिकृती. बुगाटीच्या गाजलेल्या ‘टाइप 35’ या गाडीच्या प्रतिकृती अर्जेंटिनात नव्याने घडवल्या जातात, आणि त्या इतक्या तंतोतंत असतात की आठ आऱ्यांच्या ओतीव चाकांपासून मधून पोकळ असलेल्या पुढच्या आसापर्यंत जाणत्या माणसालाही चटकन फरक सांगता येत नाही. सातव्या शतकातील माध्यमिक आचार्य चंद्रकीर्ती यांनी रथाची सात प्रकारांनी छाननी करताना ‘संस्थान’, म्हणजे अवयवांची विशिष्ट रचना किंवा आकार, हाच रथ असावा काय, हा पर्यायही घेतला आणि तो फेटाळला. प्रतिकृतीने तोच निकाल आपल्या परीने दिला आहे, कारण आकार पूर्ण जुळूनही क्लबच्या दृष्टीने ती ‘ती’ गाडी होत नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, बौद्धांचे हे विघटन मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे अवयवांत समवाय संबंधाने राहणारी एक अखंड वस्तू, खरोखरच अस्तित्वात असते, आणि त्यासाठी त्यांनी दिलेला एक हेतू विलक्षण साधा आहे : धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरला तर सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला तर सगळी ओढली जाते. ती नुसती अवयवांची रास असती तर हातात आला तेवढाच भाग आला असता. बंद पडलेली गाडी फळबागेतून ढकलत नेणाऱ्या तिघा-चौघांनी न्यायसूत्रे वाचलेली नसतील, पण मागच्या पत्र्याला हात लावला की पुढचे चाक फिरते हा त्यांचा अनुभव नैयायिकांच्याच बाजूने साक्ष देतो. मात्र याच मताची दुसरी बाजू क्लबला परवडणारी नाही. न्याय-वैशेषिकांच्या प्रक्रियेनुसार वस्त्रातून एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते. ‘तेच वस्त्र’ ही ओळख केवळ साजात्यावर, म्हणजे एकाच जातीचे असण्यावर, चालते. हा हिशेब गाडीला लावला, तर साखळी बदलणाऱ्या कारागिराने दुपारी एक गाडी संपवून दुसरी निर्माण केली असे म्हणावे लागेल. तर्क निर्दोष आहे, पण त्याच्या आधारे कोणाचेही नोंदणीपुस्तक भरता येणार नाही.

नोंदणी ठेवणाऱ्यांना दार्शनिकांइतकी सवड नसते. ब्रिटनच्या वाहन-परवाना खात्याने मोठे फेरबदल झालेल्या वाहनांसाठी दीर्घकाळ गुणांची पद्धत वापरली : चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ चौकटीला, 5 गुण, सस्पेन्शन, आस, गतिप्रेषण यंत्रणा आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, आणि इंजिनाला 1. एकूण 14 पैकी किमान 8 गुण मिळाले आणि चासीबद्दलची अट पुरी झाली, तर जुना नोंदणी क्रमांक टिकत असे. गाडीचे ‘हृदय’ म्हणून कवींनी आणि जाहिरातदारांनी ज्याला गौरवले त्या इंजिनाला सर्वांत कमी गुण मिळावेत, यात खात्याचा रूक्षपणा आहे खरा, पण बौद्धांच्या अनात्मवादाला, म्हणजे नित्य आत्मा नाही या मताला, तो फारसा प्रतिकूल नाही. क्लबचे वळण वेगळे आहे. तेथे प्रत्येक गाडीचा एक दाखला असतो, जो त्याच्या फिकट पिवळ्या रंगावरून ‘बफ फॉर्म’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यात कोणता भाग केव्हाचा हे मांडलेले असते. गुणांची बेरीज करण्याऐवजी गाडीचे चरित्र लिहिणे, हा या प्रश्नावरचा अधिक समंजस मार्ग आहे.

हा चरित्राचा मार्ग न्यायालयातही एकदा तपासला गेला. बेंटली कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ प्रकारातील ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर तिला भीषण अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि नंतर तिच्यावर बंदिस्त टप चढवण्यात आला. पुढे 1990 मध्ये ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली आणि वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. न्या. ऑटन यांच्यासमोर गाडीची जी छाननी झाली ती नागसेनाला शोभावी अशी होती. 1929 च्या विजेत्या गाडीतले जवळजवळ काहीही उरले नव्हते. 1930 च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब तेवढा शिल्लक होता. चासी आणि आठ लिटरचे इंजिन 1932 च्या रूपातले होते. तरीही निकाल मालकाच्या बाजूने लागला. ही गाडी मूळ स्थितीतली नाही, पण तिचे अस्तित्व मध्ये कोठेही खंडित झाले नाही, बदल होत असताना तिची ओळख कोणत्याही टप्प्यावर लोपली नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

यातील पहिली दोन कारणे मिलिंदपञ्हातील दुसऱ्या दृष्टांताशी जुळतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच काय, असे नागसेन विचारतो, आणि ती तीच नाही व निराळीही नाही, असे उत्तर निघते. एकीच्या आधाराने दुसरी उत्पन्न होत जाते, आणि या अखंड ओघाला बौद्ध ‘संतती’ किंवा ‘संतान’ म्हणतात. तिसरे कारण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ते वस्तूच्या बाहेरचे आहे. अथेन्सवासीयांनी थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत ते जपले, ही प्लुटार्कने सांगितलेली कथा घेऊन सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने विचारले की काढून टाकलेल्या फळ्या कोणी साठवून त्याच क्रमाने जोडल्या, तर खरे जहाज कोणते? जुन्या गाड्यांच्या जगात ही नुसती कल्पना उरलेली नाही. टाकून दिलेल्या चासीवर दुसरी गाडी उभी राहते आणि एकाच क्रमांकावर दोन मालक हक्क सांगतात, असे प्रसंग तेथे घडले आहेत. म्हणजे ‘तीच ही’ हे विधान खरे ठरण्यासाठी गाडीचा ओघ पुरत नाही. दुसरा दावेदार नसावा लागतो, आणि ओघाची साक्ष देणारी माणसे असावी लागतात. प्रेस्कॉटच्या मेळाव्याच्या त्या दोन दिवसांचे खरे काम हेच आहे. गाडी तेथे पळवली जाते, पण त्याहून अधिक ती ओळखली जाते, तिच्या बदलांची उजळणी होते, आणि प्रज्ञप्ती टिकवणारा समाज पुन्हा एकत्र येतो.

येथे धर्माचा प्रश्न उपस्थित होतो. नागसेनाने रथ सुटा केला तो राजाची आसक्ती सुटावी म्हणून. क्लबातले लोक तीच छाननी आसक्ती टिकवण्यासाठी करतात, आणि एक कोटी पौंडांचा करार तर ‘उपादान’, म्हणजे घट्ट धरून बसणे, या बौद्ध संज्ञेचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावे. पण सगळे धरून बसणे एकाच जातीचे नसते. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी होतो, अलीकडे 2015 मध्ये झाला, तेव्हा कडुलिंबाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात, जुन्या मूर्तीतील ‘ब्रह्मपदार्थ’ दैतापती डोळे बांधून नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरल्या जातात. देव तोच राहतो आणि काष्ठ जाते, हे तेथे शोकासह स्वीकारलेले असते. याउलट, एकही खिळा बदलू नये म्हणून हवाबंद गोदामात ठेवलेली गाडी द्रव्याने शुद्ध राहते, पण तिचा ओघ थांबतो. आणि ज्या अर्थी गाडी म्हणजे चालणे, त्या अर्थी तीच कमी ‘तीच’ उरते. प्रेस्कॉटच्या चढावर मिनिटभराच्या धावेत जुनी साखळी तुटू देणारा मालक अनित्यतेचा सिद्धान्त जाणत असो वा नसो, तो तिच्याशी झगडत नाही, आणि गोदामातल्या गाडीचा मालक व हा, या दोघांपैकी नागसेनाच्या अधिक जवळचा हाच आहे.

पाली परंपरेनुसार मिलिंदाने अखेर राज्य मुलाच्या हाती सोपवले आणि तो भिक्षू झाला. ज्या रथातून तो नागसेनाकडे आला होता त्या रथाचे पुढे काय झाले, याची नोंद ग्रंथात नाही.