कृपेनंतरचे कष्ट

मांजरी आपले पिल्लू तोंडात धरून नेते, पिल्लाला काहीच करावे लागत नाही; वानरीच्या पिल्लाला मात्र आईच्या पोटाला स्वतःच घट्ट बिलगावे लागते; आणि ईश्वरी कृपा यांपैकी कोणत्या रीतीने जीवाला तारते, यावरून श्रीवैष्णवांचे तेंगलै व वडगलै हे दोन पंथ शतकानुशतके भांडत आले. हा कज्जा गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णाच्या खाटेपाशी जितका उघड दिसतो, तितका तो भाष्यग्रंथांतही दिसत नसेल.

भाताच्या रोवणीत, मोहफुले वेचण्यात आणि तेंदूपाने तोडण्यात ज्यांचा जन्म वाकून गेला, त्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायकांच्या गुडघ्यांनी उतारवयात साथ सोडावी यात नवल नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण निखळ मांजरीचे पिल्लू असतो: हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण व मध्ये पॉलिथिलीनची चकती बसवली जाते, आणि त्यात त्याचे कर्तृत्व शून्य. पण लवकरच वॉकर समोर येतो, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवून गुडघा खाली दाबायला सांगतात, मांडीचा स्नायू थरथरतो, कपाळाला घाम सुटतो, आणि तेथून वानरीचा न्याय लागू होतो. या कामाचे मुखत्यारपत्र मुलाला देता येत नाही, सुनेलाही नाही. टाळाटाळ झाली तर उत्तम बसवलेला सांधाही आखडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना देह, कर्ता, साधने व विविध चेष्टा यांच्यानंतर दैवाचा क्रमांक पाचवा लावला आहे, तो मला फार समर्पक वाटतो.

अर्थात कष्टाचाही अहंकार होतो. सुजलेला गुडघा हट्टाने मोडणे हे तप नव्हे. देहाला विनाकारण पिडणाऱ्यांचा निश्चय गीतेनेच आसुरी ठरवला आहे.

वरोऱ्याजवळ 1951 साली आनंदवन उभारताना बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या झडलेल्या बोटांना दानाची नव्हे, श्रमाची सवय लावली. पुढे त्यांचाच मणका असा निकामी झाला की त्यांना एक तर उभे राहावे लागे किंवा आडवे, बसणे उरलेच नाही. तरीही सत्तरी ओलांडलेला हा माणूस 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाला, तो वाहनातल्या बिछान्यावर पडून. पुनर्वसन म्हणजे पूर्वीचा देह परत मिळणे, ही समजूत येथे गळून पडते. नव्या गुडघ्याने मांडी घालून पूजेला बसता येईलच असे नाही. परंतु महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला जाऊन उभ्यानेच केलेला नमस्कार शंकराच्या दफ्तरी उणा नोंदला जातो, याला शास्त्राधार कोणी दाखवावा.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांना एवढीच विनंती, की डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिल्यावर पाण्याचा तांब्या खाटेपाशी नेऊन ठेवू नये. आपण मागे चालावे, हात धरण्याच्या तयारीने, आणि तांब्यापर्यंत त्याला जाऊ द्यावे.